अवघड जागेवरील बांधकामे आणि काँक्रीट पंप

(ग्रामीण भागातील सार्वजनिक बांधकामांशी संबंध येणारे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावात शाळेच्या नव्या खोल्यांचा स्लॅब टाकायचा असला, म्हणजे तो दिवस एखाद्या घरच्या कार्यासारखा असतो. सकाळी नारळ फुटतो, मिक्सरची घरघर सुरू होते आणि खडी-वाळूच्या ढिगापासून शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत माणसांची साखळी उभी राहते. भरलेले घमेले वर जाते, रिकामे खाली येते. दुपार टळली तरी ही साखळी तुटू द्यायची नसते. संध्याकाळी सर्वांना गोडाचे जेवण मिळते आणि काम पार पडल्याच्या समाधानात मंडळी घरी परततात.

या देखण्या दृश्यात एक हिशेब सहसा कोणी मांडत नाही. दोन खोल्या व व्हरांडा मिळून शंभर चौरस मीटरचा स्लॅब धरला आणि त्याची जाडी साडेबारा सेंटिमीटर धरली, तर त्यास साडेबारा घनमीटर काँक्रीट लागते. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २,४०० किलो भरते. म्हणजे एका दिवसात ३० टन ओझे माणसांनी डोक्यावरून आणि हातांवरून वर चढवायचे. एका घमेल्यात २० किलो माल धरला, तर ही १,५०० घमेली झाली. हा हिशेब सपाट जागेचा आणि दारापर्यंत ट्रक येणाऱ्या शाळेचा आहे. कोकणातील एखादी वाडी डोंगराच्या कुशीत असते, ट्रक खाली रस्त्यावरच थांबतो आणि पुढे पाखाडीच्या पायऱ्या चढून जावे लागते. तेथे हेच ओझे दोनदा वाहावे लागते. आधी सिमेंट, वाळू व खडी वर न्यायची आणि मग कालवलेले काँक्रीट छतावर चढवायचे.

प्रश्न केवळ कष्टांचा असता, तर त्याचे उत्तर जास्त मजूर लावून मिळाले असते. परंतु काँक्रीट हा थांबणारा पदार्थ नव्हे. पाणी पडल्या क्षणापासून सिमेंटची रासायनिक क्रिया सुरू होते. साखळी दमली, एक-दोन तास काम रेंगाळले, तर अगोदर टाकलेला भाग घट्ट होऊ लागतो आणि नंतरचा भाग त्याच्याशी एकजीव होत नाही. वरून गिलावा झाला की हा कच्चा सांधा दिसत नाही. तो दिसतो पहिल्या पावसाळ्यात, फळ्याच्या वरच्या बाजूला ओलीचा पट्टा उमटतो तेव्हा. पुढे त्या ओलीने आतली सळई गंजते, फुगते आणि खालचे पापुद्रे सुटून पडू लागतात. ज्या शिक्षकांना मुलांचे बाक एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवावे लागले आहेत, त्यांना याचे अधिक वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

काँक्रीट पंपाचा विचार या ठिकाणी येतो.

शेवटचे शंभर मीटर

दुर्गम म्हटले, की डोळ्यांपुढे सह्याद्रीचे कडे आणि सातपुड्यातील पाडे येतात. बांधकामाच्या व्यवहारात मात्र दुर्गमता मोजायची ती शेवटच्या शंभर मीटरांवरून. पुण्याच्या पेठांतील बोळ, जुन्या गावठाणातील दोन माणसे जेमतेम समोरासमोरून जातील अशी गल्ली, ओढ्याच्या पलीकडील साकवाचा आधारखांब, भातखाचरांच्या मधोमध उभा राहणारा उंच जलकुंभ, चालू रुग्णालयाच्या मागील अंगणातील नवा कक्ष या साऱ्याच जागा बांधकाम करणाऱ्याच्या दृष्टीने दुर्गम होत. सिमेंट, पाणी व खडी घेऊन फिरत्या पिंपासह येणारी गाडी, जिला ट्रान्झिट मिक्सर म्हणतात, ती साधारणपणे सहा घनमीटर काँक्रीट आणते आणि भरलेल्या स्थितीत तिचे वजन पंचवीस टनांच्या घरात जाते. अशी गाडी जेथवर येऊ शकते, तेथून प्रत्यक्ष कामापर्यंतचे अंतर तोडणे, हे पंपाचे काम.

पंपाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला ट्रकवर बसविलेला. त्याच्या पाठीवर घड्या घातलेला एक लांब पोलादी हात असतो आणि त्या हाताच्या अंगाने काँक्रीटची नळी गेलेली असते. कामाच्या जागी आल्यावर ट्रक आपले चार पाय पसरून जमिनीवर टेकतो, हात उलगडतो आणि भिंती, कुंपणे, झाडे, प्रसंगी शेजारचे घरही ओलांडून पलीकडे काँक्रीट पोचवितो. या हाताला बूम म्हणतात आणि वीस मीटरांपासून साठ मीटरांपर्यंत पोच असलेल्या बूम व्यवहारात आढळतात. येथे एक खुलासा आवश्यक आहे. ३६ मीटरांची बूम म्हटली, की ती उभी ३६ मीटर जाते. आडवी पोच त्याहून काही मीटर कमीच असते. हे ध्यानात न घेता पंप बोलावला आणि शेवटचे चार मीटर उरले, असे प्रसंग घडतात.

दुसरा प्रकार लाईन पंपाचा. हे यंत्र आटोपशीर असून ट्रकच्या वा ट्रॅक्टरच्या मागे ओढून आणता येते. ते रस्त्याच्या कडेला उभे करायचे आणि तेथून पोलादी नळ्या एकीला एक जोडीत गल्लीतून, पाखाडीवरून वा बांधावरून कामापर्यंत न्यायच्या. बूमचा डौल त्याला नाही. परंतु ग्रामीण महाराष्ट्रातील बहुसंख्य अवघड जागांना उपयोगी पडणारा पंप हाच होय.

यंत्राची रचना

नळीतून काँक्रीट ढकलण्याची कल्पना आता शंभर वर्षांची होत आली. १९२७ मध्ये मॅक्स गिझे आणि फ्रिट्झ हेल या जर्मन अभियंत्यांनी ३८ मीटर उंच आणि १२० मीटर दूर काँक्रीट पंपाने पोचवून दाखविले. पुढे तेलाच्या दाबावर चालणारे दोन सिलिंडरांचे पंप आले आणि आजही तीच रचना रूढ आहे. ट्रान्झिट मिक्सर आपला माल पंपामागच्या मोठ्या नरसाळ्यात, म्हणजे हॉपरमध्ये ओततो. एक सिलिंडर तेथून काँक्रीट ओढून घेत असतो, त्याच वेळी दुसरा आपल्यातील काँक्रीट नळीत लोटत असतो. इंग्रजी एस अक्षराच्या आकाराची एक वळणदार नळी प्रत्येक फेऱ्यास या सिलिंडरावरून त्या सिलिंडरावर सरकते आणि प्रवाह जवळजवळ अखंड राहतो.

नळीचा व्यास बहुधा १२५ मिलिमीटर असतो. त्यातून काँक्रीट पाण्यासारखे वाहत नाही, हे समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. ते एका घट्ट दांड्यासारखे सरकते. नळीच्या आतील अंगाला सिमेंट, बारीक वाळू व पाणी यांचा पातळ लेप बसतो आणि त्या वंगणावरून मधला दांडा पुढे घसरत जातो. म्हणूनच काम सुरू करताना प्रथम सिमेंटचे दाट पाणी, ज्याला कामावर स्लरी म्हणतात, ते नळीतून सोडून तिला आतून लेप द्यावा लागतो. ही पहिली स्लरी स्लॅबवर किंवा कॉलमात पडू द्यावयाची नाही. तिच्यात खडीच नसते, ती बाजूला काढून घेतली पाहिजे. घाईत ही गोष्ट हमखास विसरली जाते.

या यंत्राने गाठलेली उंची थक्क करणारी आहे. दुबईतील बुर्ज खलिफा या इमारतीच्या बांधकामात २००८ साली ६०६ मीटर उंचीपर्यंत काँक्रीट चढविण्यात आले. तेथील कडक उन्हाळ्यात काँक्रीट रात्री टाकले जाई आणि पाण्याऐवजी काही भाग बर्फ वापरला जाई. त्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट २००९ मध्ये, आपल्याच देशात हिमाचल प्रदेशातील पार्बती जलविद्युत प्रकल्पावर ७१५ मीटरांची उभी चढण पंपाने पार केली. १९८६ च्या चेर्नोबिल अणुअपघातानंतर माणसाने जवळ जाणे अशक्य असलेल्या भट्टीभोवती काँक्रीटचे आवरण घालताना दुरून चालविलेले पंप कामी आले. २०११ च्या मार्चमध्ये जपानमधील फुकुशिमा येथे तर लांब हाताच्या पंपांनी काँक्रीट नव्हे, पाणी टाकले, आणि वापरलेल्या अणुइंधनाचे कुंड थंड ठेवण्यास मदत केली. अवघड जागेची याहून अवघड व्याख्या सापडणे कठीण.

मात्र सातशे मीटरांचा विक्रम करणारा पंप वाडीवरच्या शाळेसाठी येणार नसतो. वाडीवर येणारा पंप लहान असतो आणि त्याच्या मागे प्रयोगशाळा, बर्फाचा कारखाना व अभियंत्यांचा ताफा नसतो. म्हणून त्याच्याशी कसे वागावे, हे स्थानिक माणसाला माहीत असले पाहिजे.

पाण्याचा मोह

पंपावरील बहुतेक तंटे एका वाक्यापासून सुरू होतात: “माल घट्ट आहे, थोडे पाणी सोडा.” पंपचालकाला नळी तुंबण्याची भीती असते, गवंड्याला माल फळीने सहज पसरावा असे वाटते आणि ट्रान्झिट मिक्सरच्या चालकाला लवकर मोकळे होऊन परतायचे असते. तिघांचीही सोय पाण्यात असते. तोटा होतो तो इमारतीचा, आणि ती तर बोलत नाही.

उदाहरणादाखल हिशेब पाहावा. एका घनमीटरात ३२० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी असे प्रमाण ठरविले असेल, तर पाणी व सिमेंट यांचे गुणोत्तर ०.५० झाले. त्यात केवळ २० लिटर, म्हणजे एक मोठी बादली पाणी वाढविले, की गुणोत्तर ०.५६ वर जाते. भारतीय मानक ४५६ नुसार सळईच्या काँक्रीटला अगदी सौम्य हवामानातही ०.५५ ही कमाल मर्यादा आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत ती याहून कडक आहे. म्हणजे घनमीटरमागे एक बादली पाण्याने काम मानकाबाहेर जाते. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि आपल्या जागी सूक्ष्म पोकळ्या ठेवते. ताकद घटते आणि त्याच पोकळ्यांतून ओल सळईपर्यंत पोचते.

यातील खरी गंमत अशी, की जास्त पाण्याने पंपाचेही भले होत नाही. दाबाखाली पातळ मालातील पाणी खडीला मागे टाकून पुढे पळते. मागे राहिलेली कोरडी खडी एकमेकींत अडकून नळीत बूच बसते. कोरडा माल जसा तुंबतो, तसा अति पातळ मालही तुंबतो. पंपाला हवी असते ती चिकण, एकजीव आणि खडीला धरून ठेवणारी लुसलुशीत घडण. ती पाण्याने येत नाही, बारीक कणांच्या योग्य प्रमाणाने येते. काँक्रीटचे प्रमाण ठरविण्याच्या भारतीय मानक १०२६२ मध्ये पंपाच्या कामासाठी खडी दहा टक्क्यांपर्यंत कमी करून तेवढी वाळू वाढविण्याची मुभा आहे, ती याच कारणाने. आवश्यक तेथे माल मऊ करणारे रासायनिक द्रव्य मोजून घालावे, पण तेही संयंत्रावर किंवा जबाबदार तंत्रज्ञाच्या हातून.

महाराष्ट्रापुरता आणखी एक मुद्दा आहे. आपला बहुतेक प्रदेश काळ्या बसाल्ट पाषाणाचा. या दगडाची क्रशरवरची खडी पुष्कळदा चपटी व टोकदार निघते. नदीची वाळू दुर्मीळ झाल्याने दगड दळून केलेली वाळू वापरात आली आहे आणि तिचेही कण कोरदार असतात. गोल गोट्यांपेक्षा अशी खडी नळीत लवकर अडते. म्हणून खडीचा सर्वांत मोठा कण नळीच्या व्यासाच्या एक तृतीयांशाहून मोठा नसावा, असा दंडक आहे. १२५ मिलिमीटरच्या नळीला वीस मिलिमीटरची खडी निर्धास्त चालते. परंतु त्या ढिगात चाळणीतून निसटलेले चाळीसचे चार दगड असले, तरी सकाळ वाया जाते. कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्रांतून निघणारी राख या बाबतीत उपकारक ठरते. तिचे सूक्ष्म कण गोल असतात आणि कोरदार वाळूत ते छर्‍यांसारखे काम करतात. राखेचे डोंगर ही ज्या परिसरांची तक्रार आहे, तेथील पंचायतींनी हा उपयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मालाची घनता पाहण्याची रीत सोपी आहे. तीस सेंटिमीटर उंचीचा, दोन्ही टोके उघडी असलेला पत्र्याचा शंकू काँक्रीटने ठासून भरावयाचा, अलगद उचलावयाचा आणि ढीग किती खचला ते मोजावयाचे. या खचण्यास स्लम्प म्हणतात. मानक ४५६ मध्ये पंपाच्या कामासाठी ७५ ते १०० मिलिमीटर स्लम्प सांगितलेला आहे, रासायनिक द्रव्ये वापरलेल्या कामात तो याहून अधिकही ठेवला जातो. आकडा कोणताही असो, तो आधी कागदावर ठरलेला असावा आणि प्रत्येक गाडीस तोच मोजला जावा. शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकाने एकदा ही चाचणी मुलांसमोर करून दाखविली, तर मुलांना एक प्रयोग पाहावयास मिळेल आणि ठेकेदाराच्या माणसांना कोणी पाहत असल्याचे कळेल.

पाय कोठे टेकावयाचे

ट्रकवरचा पंप दिसावयास भक्कम असला, तरी बूम उलगडल्यावर त्याचा तोल सर्वस्वी चार पायांवर असतो आणि ज्या बाजूला हात जातो त्या बाजूच्या एकेका पायावर दहा टनांहून अधिक भार येऊ शकतो. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती कोरडी असताना दगडासारखी आणि ओली झाली की लोण्यासारखी. भातखाचराचा बांध तर दोन्ही ऋतूंत अविश्वसनीय. अशा ठिकाणी पायांखाली जाड लाकडी ओंडके वा पोलादी पत्रे टाकून भार पसरावा लागतो. पाया खणलेल्या चराच्या काठाशी पाय टेकणे सर्वांत घातक. चर जितका खोल, निदान तितके अंतर काठापासून सोडावे आणि माती भुसभुशीत असल्यास त्याहून जास्त. शौचालयाचे शोषखड्डे, बुजविलेल्या विहिरी, जमिनीखालची गटारे यांची माहिती ट्रकच्या चालकास नसते. ती गावातील जुन्या माणसास असते. पंप येण्याच्या आदल्या दिवशी अशा एखाद्या वृद्धास जागेवर नेऊन विचारणे, ही नकाशापेक्षाही खात्रीची तपासणी होय.

दुसरा धोका डोक्यावरचा. गावठाणातून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारा खालून पाहणाऱ्यास जेवढ्या दूर वाटतात, तेवढ्या बूमच्या टोकाला नसतात. बूम पोलादाची असते, नळीचे तोंड हातात धरणारा मजूर ओल्या काँक्रीटमध्ये उभा असतो, आणि तारेला प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही तरी फार जवळीक झाल्यास वीज उडी घेऊ शकते. तारा जवळ असतील, तर वीज वितरण कंपनीला लेखी कळवून काम चालू असेपर्यंत पुरवठा बंद ठेवून घ्यावा आणि बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय बूम उघडू देऊ नये. त्या दुपारी गिरणी बंद राहील, पाण्याची मोटार थांबेल आणि सरपंचांना चार बोल ऐकावे लागतील. ते ऐकून घ्यावेत.

तिसरी गोष्ट साच्याची, म्हणजे सेंट्रिंग-शटरिंगची. घमेल्यांनी तासाला फार तर दोन-तीन घनमीटर माल पडतो, म्हणून बांबूच्या टेकूंवरचे जुने सेंट्रिंगही निभावून जाते. पंप तेवढा माल काही मिनिटांत टाकतो. कॉलम किंवा जलकुंभाची भिंत वेगाने भरली, की खालचे काँक्रीट अजून पातळ असतानाच वरचा भार त्यावर येतो आणि साच्याच्या फळ्यांवर बाहेरच्या दिशेने मोठा दाब बसतो. स्लॅबवर एकाच जागी ढीग होऊ दिला, तर त्याखालचे टेकू सरकतात. साच्याचे आरेखन पंपाचा वेग गृहीत धरून झालेले असावे, भिंत थरांथरांनी भरावी आणि नळीचे तोंड सतत फिरते ठेवावे. काँक्रीट दीड मीटरांहून अधिक उंचीवरून मोकळे पडू देऊ नये, हाही मानकाचा संकेत आहे. उंचावरून पडताना खडी खाली व गारा वर असे त्याचे विभाजन होते आणि खांबाच्या तळाशी मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या राहतात.

लाईन पंपाच्या नळ्यांनाही काही नियम आहेत. प्रत्येक काटकोनी वळण म्हणजे सरळ नळीचे सुमारे तीन मीटर वाढले असे समजावे, म्हणून गल्लीतून शक्य तितका सरळ मार्ग निवडावा. उतारावरून खाली काँक्रीट न्यावयाचे असल्यास, उदाहरणार्थ रस्त्यापासून खालच्या ओढ्यातील साकवापर्यंत, काम सोपे न होता उलट अवघड होते. माल स्वतःच्या वजनाने घसरतो, मध्ये पोकळी पडते आणि खडी वेगळी होऊन नळी बसते. त्यासाठी उताराच्या शेवटी वळण व आडवी नळी देऊन प्रवाहास अटकाव ठेवतात. नळी तुंबल्यास पंप उलटा चालवून आतील दाब उतरविल्याखेरीज जोडावरचा क्लँप कोणीही उघडू नये. दाबाखालील जोड उघडला, की खडी गोळीसारखी सुटते. नळीच्या तोंडाशी असलेला रबरी तुकडा हवा शिरल्यावर चाबकासारखा उसळतो, म्हणून पंप सुरू होताना त्याच्याजवळ कोणी उभे राहू नये. बूमचा उपयोग सळया किंवा फळ्या उचलण्यास करणे, हे तर सर्वथा निषिद्ध आहे.

घड्याळ आणि पावती

भारतात कारखान्यात तयार झालेले काँक्रीट विकण्यास १९८७ साली पुण्यापासून प्रारंभ झाला, १९९० च्या दशकात मुंबईने ते स्वीकारले आणि आता जिल्ह्याच्या ठिकाणांभोवतीही अशी संयंत्रे दिसतात. संयंत्रात माल भरल्यापासून दोन तासांच्या आत गाडी रिकामी व्हावी, असे भारतीय मानक ४९२६ सांगते. संयंत्र चाळीस किलोमीटरवर आणि मध्ये घाट, त्यात आठवड्याचा बाजार, असे असेल तर हे दोन तास रस्त्यातच संपतात. म्हणून प्रत्येक गाडीबरोबर येणाऱ्या पावतीवरील भरण्याची वेळ व काँक्रीटची श्रेणी ही दोन्ही वाचूनच ती गाडी पंपाकडे सोडावी. उशिरा आलेली गाडी परत पाठविण्याचा अधिकार कोणास आहे, हे निविदेतच लिहिलेले असावे. ऐन वेळी दूरध्वनी करून विचारपूस होईतो त्या गाडीत पाणी पडलेले असते.

पंधरा घनमीटरांपर्यंतच्या कामासाठी निदान दोन नमुने घ्यावेत, प्रत्येक नमुन्याचे पंधरा सेंटिमीटरचे तीन ठोकळे भरावेत आणि ते २८ दिवसांनी तपासून घ्यावेत. ठोकळ्यांचे काँक्रीट कोठून घेतले, हेही पाहण्याजोगे आहे. चांगल्या गाडीचे तीन ठोकळे आणि उरलेल्या चार गाड्यांची इमारत, हा प्रकार नवीन नाही.

प्रत्येक कामास पंप हवाच, असे मुळीच नाही. १२५ मिलिमीटरच्या शंभर मीटर नळीत सव्वा घनमीटर काँक्रीट भरून राहते. चार घनमीटरांच्या मोरीसाठी दीडशे मीटर नळी टाकली, तर जवळजवळ दोन घनमीटर माल नळीतच असतो. तेथे घमेले आणि हातमिक्सर हेच शहाणपणाचे. याउलट एकाच खोऱ्यातील दोन-तीन वाड्यांची शाळा, समाजमंदिर व जलकुंभ ही कामे एका आठवड्यात साधली, तर पंपाच्या ये-जा करण्याचा खर्च विभागला जातो. त्यासाठी तीन ग्रामपंचायतींनी एका टेबलाशी बसावे लागते. यंत्र मिळविण्यापेक्षा हे कधी कधी कठीण ठरते. अंदाजपत्रकात पंपाची स्वतंत्र बाब नसेल, तर ठेकेदार तो खर्च कोठून तरी भरून काढणार, आणि सिमेंटच्या पोत्यांइतकी सोयीची जागा त्यास दुसरी सापडत नाही.

जलकुंभाच्या बाबतीत मात्र पंपाचा आग्रह धरण्यास जागा आहे. कुंभाची भिंत खंड न पडता भरली गेली, तरच ती पाणी धरते. पंधरा-वीस मीटर उंचीवर परातींच्या व दोराच्या साह्याने हे अखंडत्व राखणे कठीण असते, आणि त्या उंचीवर पाय घसरणाऱ्याला दुसरी संधी नसते.

घमेली वाहणारे हात

या विषयाची दुसरी बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्लॅबच्या साखळीत उभी राहणारी माणसे, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी, त्या एका दिवसाच्या मजुरीवर आठवड्याचा बाजार करीत असतात. पंप आला की ती साखळी लागत नाही. नळी धरणारे, फावड्याने पसरणारे व व्हायब्रेटर चालविणारे मिळून आठ-दहा माणसांत काम उरकते. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला तो मागेल त्याच्या हाताला काम देण्यासाठी, आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यातही श्रमिकांची जागा घेणारी यंत्रे शक्यतो वापरू नयेत, असे म्हटलेले होते. रोजगारासाठीच निघालेल्या कामांवर पंपाचा प्रश्न उद्भवत नाही. इतर निधीतून होणाऱ्या कामांवर तो उद्भवतो, आणि तेथे पंचायतीला विचारपूर्वक निवड करावी लागते.

वीस किलोचे घमेले डोक्यावर घेऊन शिडी चढणे, हे काम टिकवून ठेवण्यासारखे आहे, असे ते करणारी स्त्रीदेखील म्हणणार नाही. मान, कंबर आणि गुडघे यांची किंमत मजुरीच्या हजेरीपत्रकात लिहिलेली नसते. परंतु तिच्या हातचे काम काढून घेताना त्याच बांधकामावर तिला दुसरे काय देता येईल, याचा विचार अंदाजपत्रकाच्या वेळीच व्हावयास हवा. सळई बांधणे, व्हायब्रेटर धरणे, शंकूने स्लम्प मोजणे, ठोकळे भरणे ही कामे शिकविल्यास येण्यासारखी आहेत आणि त्यांची मजुरीही घमेल्याहून अधिक असते.

त्याहून साधे असे एक काम तर उरतेच. पंप दोन-तीन तासांत निघून जातो, आणि मग सर्वांचा असा समज होतो की स्लॅब झाला. वास्तविक त्याची निम्मी परीक्षा पुढे असते. राख मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटवर निदान दहा दिवस ओल राखली पाहिजे, आणि कोरड्या-उष्ण हवेत चौदा दिवस. मार्च ते मे या टंचाईच्या महिन्यांत दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ स्लॅबवर पाणी राहील, अशी मातीची आळी करणे, ओली पोती अंथरणे, टँकर आला नाही तर ग्रामसेवकाला जागे करणे, यासाठी हजेरीवर दोन माणसे चौदा दिवस हवीत. अंदाजपत्रकात ही रक्कम धरलेली नसेल, तर त्या इमारतीला यंत्राने आलेला सर्व लाभ त्या दोन आठवड्यांत वाळून जातो.

काम संपताना शेवटची पाहणी नळ्यांची. त्या तशाच ठेवल्या तर काही तासांत आतील काँक्रीट दगड होते, म्हणून स्पंजचा गोळा घालून पाण्याने वा हवेने त्या लगेच मोकळ्या करतात. हवेने साफ करताना नळीच्या तोंडासमोर माणूस नसावा आणि टोकाला गोळा अडविणारी जाळी असावी. धुतल्याचे पाणी चुन्यासारखे दाहक असते. ते विहिरीकडे, ओढ्याकडे वा गुरांच्या डबक्याकडे जाऊ न देता खड्ड्यात जिरवावे. गोळ्यापुढे निघणारे काँक्रीट मात्र उत्तम असते, वेळेत निघाले तर. ऐंशी मीटरांच्या नळीत ते जवळपास एक घनमीटर भरते. सकाळीच कोणी हातपंपाभोवतीच्या ओट्याची फळी बांधून, खडी दाबून तयार ठेवली असेल, तर ते रस्त्याच्या कडेला न ओतता तेथे टाकता येते.